जुन्या गिरणीमागे, शनिवार पेठ

गेल्या आषाढात मी नाशिकला पाठवलेलं पार्सल पाचव्या दिवशी माझ्याच दारात आलं. परत आलं असं नाही, रीतसर डिलिव्हरी म्हणून आलं. कुरियरचा मुलगा जिन्याखाली नखशिखान्त भिजलेला उभा. त्यानं "मॅडम, तुमचं पार्सल" म्हणत खोका पुढं केला, मोबाइलच्या काचेवर बोटानं सही घेतली आणि गेलासुद्धा. खोका घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा लक्षात आलं, ही चिकटपट्टी तर मीच मारलेली आहे. आत माझंच मेतकूट, माझाच मध, माझाच घेवडा. मोबाइलवर बघितलं तर 'डिलिव्हर्ड'. नाशिकच्या बाई बिचाऱ्या वाट बघतायत, आणि यंत्राच्या लेखी काम चोख झालेलं.

चूक कुणाची हे शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. खोका मिक्सरचा होता. मिक्सर मी ऑनलाइन मागवला होता आणि खोका चांगला जाड, पाच पदरी पुठ्ठ्याचा, म्हणून माळ्यावर जपून ठेवला होता. वरच्या बाजूला मी नाशिकचा पत्ता ठसठशीत लिहिला. डाव्या कुशीला मिक्सरवाल्यांचं जुनं स्टिकर तसंच राहिलं, त्यावर बारकोड आणि माझं नाव, माझा पत्ता, माझा मोबाइल. कुठल्यातरी हबमध्ये कुणीतरी खोका आडवा ठेवला असणार, कूस वर आली असणार, आणि त्या घडीला ते पार्सल नाशिकचं न राहता साताऱ्याचं झालं. त्या माणसाला काय दोष द्यायचा? त्यानं वाचलं ते बरोबरच वाचलं.

तेव्हापासून जुना खोका घेतला की पहिलं काम स्टिकर खरवडणं. हेअर ड्रायरची गरम हवा दिली की डिंक सुटतो, उलथन्यानं निघतो. निघालाच नाही तर काळ्या मार्करनं बुजवायचा, आणि बुजवायचा म्हणजे पूर्ण बुजवायचा. बारकोडावर आडवी रेघ मारून भागत नाही. त्या उभ्या काड्यांचा थोडासा तुकडा वर-खाली शाबूत राहिला तरी यंत्र तो वाचतं.

हा माझा घरगुती धंदा २०२०च्या टाळेबंदीत सुरू झाला. सासूबाईंचं मेतकूट, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा (भौगोलिक मानांकनवाला, शिजवला की भुग्यासारखा मऊ होतो), आणि महाबळेश्वर तालुक्यातल्या ओळखीच्या माणसाकडून येणारा मध. कंदी पेढे मी पाठवत नाही. सगळे तेच मागतात, पण वाटेत तीन दिवस जास्त लागले तर पेढ्याचं काय होतं ते एकदा बघितलंय. महिन्याला साठ-सत्तर खोके जातात. फार नाही. पण साठ-सत्तर खोके पाठवणाऱ्या बाईला पार्सल या विषयावर जेवढी मतं असतात तेवढी, मला वाटतं, हजार खोके पाठवणाऱ्या कंपनीलाही नसतील, कारण आमचा एकेक खोका आठवणीत राहतो.

सुरुवातीला मला वाटायचं, पार्सल जपणं म्हणजे नीट बांधणं. त्यात मी तरबेज झालेही. मधाच्या बाटलीचं बूच लावण्याआधी तोंडावर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा ताणून बसवायचा, मग बूच, मग बुचाच्या कडेनं दोन फेरे चिकटपट्टी. ही बाटली पिशवीत, पिशवीचं तोंड गाठ मारून, मग बबल रॅप. मध उन्हानं फुगतो. एप्रिलात नागपूरला गेलेल्या बाटलीनं मला ते शिकवलं. मग खोका कानाशी धरून हलवायचा. आतून काहीही आवाज आला तर उघडायचा आणि जुना पेपर चुरगाळून कोंबायचा. शेवटी घरच्या काट्यावर ठेवून फोटो. पोस्टाच्या पावतीवर वजन ग्रॅममध्ये छापून येतं, ११४० म्हणजे ११४०. समोरच्याला खोका फाटका मिळाला तर त्याला सांगायचं, आधी वजन करा, मग उघडा. वजन उतरलं असेल तर वाटेत काहीतरी निघालंय. नसेल तर नुसताच मार बसलाय.

एवढं करून पाच वर्षांत बाटल्या फुटल्या किती? तीन. आणि पार्सलं भलतीकडं गेली, परत आली, हरवली ती? मोजणं सोडून दिलंय. त्यातलं एकही चिकटपट्टी कमी पडली म्हणून गेलं नाही. सगळी पत्त्यापायी गेली.

आमचाच पत्ता बघा. 'जुन्या पिठाच्या गिरणीमागे, शनिवार पेठ, सातारा'. आधार कार्डावर हाच, लाइट बिलावर हाच. गिरणी २००९ साली बंद झाली. तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, त्याच्या आधी झेरॉक्सचं होतं. पेठेतल्या माणसाला विचारलं तर तो डोळे मिटून गिरणी दाखवेल. पण पेठेतल्या माणसाला पत्ता लागतो कशाला? सगळ्या गावाची हीच रीत. अमक्याच्या वाड्याशेजारी, तमक्या तालमीच्या बोळात, मारुतीसमोर. सातारच्या पत्त्यात जो माणूस सांगतोय तो गृहीत धरतो की ऐकणारा इथंच वाढलाय. आमचे पोस्टमनकाका होते तोवर ते चाललं. ते सव्वीस वर्षं याच बीटवर होते. पत्ता अर्धा असला तरी चालायचा, नाव पुरायचं, आणि कुणाच्या घरी दुपारी कोण झोपतं हेही त्यांना माहीत. ते निवृत्त झाल्यावर कळलं की आमचा पत्ता कधी पूर्ण नव्हताच. उरलेला अर्धा पत्ता त्यांच्या डोक्यात होता.

कुरियरचा मुलगा दर सहा महिन्यांनी बदलतो. तो फोन करून म्हणतो, "मॅडम, लोकेशन टाका." दुपारी फोन उचलला नाही तर 'डोअर लॉक्ड' असा शेरा पडतो, दार सताड उघडं असलं तरी. दोनदा असं झालं की पार्सल 'आरटीओ'. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या आई, म्हणजे सासूबाई, घाबरल्या होत्या. "आरटीओकडं? का गं, गाडीचे कागद नव्हते का त्यांच्याकडं?" 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे पाठवणाऱ्याकडं परत, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तसं म्हणावं की. उगाच सरकारी ऑफिसाचं नाव कशाला."

पण नुसती गिरणी वगळून भागत नाही, कारण पेठेचं नावही पुरत नाही. साताऱ्यात शनिवार पेठ आहे. पुण्यात शनिवार पेठ आहे. कऱ्हाडात आहे, कोल्हापुरात आहे. आठवड्याचे वार या चार गावांनी वाटून घेण्याऐवजी प्रत्येकानं आपापले घेऊन ठेवलेत. मल्हार पेठ साताऱ्यात आहे आणि मल्हारपेठ नावाचं आख्खं गाव पाटण तालुक्यात आहे. वाठार म्हटलं तर कुठलं, स्टेशन की किरोली? कोरेगाव आमचा तालुका, पण पुण्याकडं कोरेगाव पार्क आणि कोरेगाव भीमा. सर्वांत कडी म्हणजे 'सातारा रोड'. पुण्यात धनकवडी-पद्मावतीचा माणूस पत्त्यात सातारा रोड लिहितो, तो रस्ता आहे. आणि आमच्या कोरेगाव तालुक्यात सातारारोड हे रेल्वे स्टेशनचं गाव आहे. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला खंडोबाचं सातारा आहे ते वेगळंच.

या गोंधळावर एका मराठी माणसानं उत्तर काढलं. श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव, आणि संस्कृतात नाटकं लिहिणारे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा आकडी पिनकोड ही त्यांची करणी. देशात एकाच नावाची गावं ढिगानं, लिप्या अनेक, हस्ताक्षरं त्याहून अनेक. म्हणून नावावर विसंबायचंच नाही. पहिला आकडा विभागाचा, आपला ४. पहिले दोन मिळून पोस्टाचं सर्कल, पहिल्या तिनांत छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. सातारा शहर ४१५००२.

हा 'छाननीचा जिल्हा' म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. वाई सातारा जिल्ह्यातली, पण पिन ४१२८०३. पाचगणी ४१२८०५, महाबळेश्वर ४१२८०६. टपालाच्या नजरेनं ही पुण्याकडची मंडळी. उलट सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा ४१५३११, म्हणजे आमच्यातला. घाट उतरून रत्नागिरीला गेलं तर तिथंही ४१५ नंच सुरुवात, ४१५६१२. टपाल रस्त्यानं चालतं, कलेक्टर कचेरीच्या नकाशानं नाही. विट्याच्या एका गिऱ्हाइकाला मी पहिल्यांदा 'जिल्हा सांगली, म्हणजे ४१६ असणार' असं समजून पिन ठोकून दिला होता. ते मेतकूट जे गेलं ते गेलंच.

पिनकोडाची एक खोड आहे, आणि ती मला महागात पडली. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका जोशीकाकूंची ऑर्डर होती. दिवाळीचे दिवस, रात्रीचे साडेअकरा, एकोणीस खोके ओळीनं, मी पत्ते लिहितेय. कोल्हापूर शहर ४१६००२. माझ्या हातून ४११००२ पडलं. सहाच्या जागी एक. आता ४११००२ म्हणजे काय? पुणे, आणि तेही शुक्रवार पेठेच्याच भागातलं. पाचाच्या जागी एक पडता तर साताऱ्याचं पुणं झालं असतं, पाचाच्या जागी सहा पडता तर साताऱ्याचं कोल्हापूर. तिन्ही गावांच्या मधे एकेक आकडा, आणि तिन्ही गावांत पेठा त्याच. खाली मी 'कोल्हापूर' असं अक्षरी लिहिलं होतं, पण ते वाचायला कोण बसलंय? खोका पुण्याला गेला. शुक्रवार पेठ सापडली, आणि तिथं जोश्यांना काय तोटा. तिसऱ्या दिवशी 'डिलिव्हर्ड'.

कोल्हापूरच्या काकू फोनवर अत्यंत गोड बोलल्या. अशा वेळी माणूस चिडलेलं परवडतं. "अगं, आलं असेल वाटेत, मी थांबते," म्हणाल्या. मी मात्र कुरियरच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. तिथं स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवला, "बघा मॅडम, हिरवं आहे." खाली सहीची जागा, त्यात एक रेघ. माझी नातही त्याहून बरी सही करते. ती रेघ कुणाची, कुठल्या दारात काढलेली, हे सांगायला कुणी तयार नाही.

इथं मला माझ्या आजीबद्दल सांगायला पाहिजे.

माझं माहेर अपशिंग्याचं. अपशिंगे मिलिटरी, गावाच्या नावातच मिलिटरी. घरटी कुणी ना कुणी फौजेत. आमचा मामा होता. दर हिवाळ्यात आजी त्याला डबा पाठवायची, त्यात बेसनाचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी. डबा पत्र्याचा, वनस्पती तुपाचा, झाकण मेणबत्तीनं बंद केलेलं. त्याला मांजरपाटाचं कापड लपेटायचं आणि दाभणानं शिवायचं. शिवणही साधी नाही. टाका जवळजवळ, दोरा दुहेरी, आणि दर चार बोटांवर गाठ. म्हणायची, "उसवून काढलं तर गाठ जुळत न्हाई. कळतंय मग." पोस्टमास्तरांनी एकदा विम्याचं पार्सल करायला सांगितलं तेव्हा शिवणीवर लाख वितळवून मोहोर उठवली होती, तो वास अजून माझ्या नाकात आहे. आजीनं मोहोर बघितली आणि म्हणाली, "ही माझीच गाठ. नुसती लाल."

आजीला लिहिता येत नव्हतं. पत्ता मी लिहायची, तिसरी-चौथीत असताना, मामाच्या आंतरदेशीय पत्रावरून बघून. कापडावर शाई पसरते, म्हणून बॉलपेन तीन-तीनदा गिरवायचं. पत्ता असा: मामाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस. बस. गाव नाही, जिल्हा नाही, मारुती नाही, गिरणी नाही. मी विचारायची, "आजी, मामा हाय कुठं पण?" आजी म्हणायची, "त्ये आपल्याला कळू देत न्हाईत." मामा कधी काश्मिरात असायचा, कधी पंजाबात, पत्ता तोच. ५६ एपीओचं टपाल दिल्लीच्या सैनिकी टपाल केंद्रात जातं आणि ९९ एपीओचं कोलकात्याच्या. पलटण आज कुठं आहे हे त्यांना ठाऊक असतं, आपल्याला असायची गरज नाही. पिनकोडातही पहिला आकडा ९ हा सैन्यासाठीच राखलेला आहे.

ज्या पत्त्यात जागाच नाही, तो डबा एकदाही चुकला नाही. मला ते तेव्हा नवल वाटायचं नाही. आता वाटतं. त्या पत्त्यात एकही शब्द असा नव्हता की जो वाचायला आमचं गाव माहीत असावं लागेल. फक्त नंबर काटेकोर हवा. मी लिहून झालं की आजी मामाच्या पत्रावरचे आकडे आणि माझे आकडे शेजारी-शेजारी धरून बघायची. वाचता येत नसून. चित्र जुळतंय का ते बघायची. "ह्यो बघ, ह्याची शेपटी वर हाय आन् तुझी खाली." दोनदा माझी चूक तिनं अशी पकडली आहे.

आणि डबा शिवण्याआधी, सगळ्यांत वर, लाडवांवर, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून तोच पत्ता दुसऱ्यांदा. त्याखाली आमचा. "वरचं फाटलं तर आतलं बोलंल की."

ही आतली चिठ्ठी मी पहिल्या दिवसापासून प्रत्येक खोक्यात घालते. धंद्याची युक्ती म्हणून नव्हे. डब्यात चिठ्ठी नाही असा डबाच मी कधी बघितला नव्हता. तर दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मला पुण्याहून फोन आला. अनोळखी बाई. "तुमचं मेतकूट आमच्याकडं आलंय. आम्ही मागवलं नव्हतं. जोशी आम्हीही आहोत, पण चिठ्ठीवर कोल्हापूर दिसतंय. उघडलं हो, माफ करा, मुलाला वाटलं त्याचा हेडफोन आला." मी म्हटलं, ठेवून घ्या. त्या ठेवून घेईनात. मुलाकडून कोल्हापूरला पाठवलं, पैसे घेतले नाहीत, आणि आता दर दोन महिन्यांनी अर्धा किलो मेतकूट मागवतात. पिन त्या स्वतः दोनदा लिहून पाठवतात, एकदा अंकी, एकदा अक्षरी.

पिनकोडाची खोड म्हटलं ती ही: त्याला स्वतःची चूक कळत नाही. एक आकडा चुकला तर दुसरं कुठलंतरी खरंखुरं गाव लागतं आणि कुणी हूं का चूं करत नाही. याउलट पार्सलाच्या नंबराला चूक कळते. हे मला माझ्या भाच्यानं दाखवलं आणि मी दोन दिवस तोच खेळ खेळत बसले होते. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा खुणांचा नंबर असतो. आधी दोन अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. त्या नऊमधले खरे आठच. नववा पहारेकरी. पहिल्या आठांना ओळीनं ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणायचं, बेरीज करायची, अकरानं भागायचं, बाकी अकरातून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचा, ११ आलं तर ५. समजा आठ आकडे १०२०३०४० आहेत. आठ, आठ, नऊ आणि छत्तीस, बेरीज ६१. अकरानं भागून बाकी ६, अकरातून सहा गेले पाच. म्हणून नंबर १०२०३०४०५. आता टाइप करताना मधला तीन आणि त्याच्या डावीकडचा नव्हे, उजवीकडचा शून्य उलटापालटा झाला, १०२००३४० पडलं, तर बेरीज ६७ होते आणि शेवटी ० यायला हवा. पाच दिसला की यंत्र म्हणतं, हा नंबरच नाही. जगभरच्या टपालखात्यांनी ठरवलेली ही पद्धत आहे. आजीचं शेपटी बघणंच हे, फक्त गणितातलं.

गिऱ्हाइकाला नंबर पाठवताना मी पावतीचा फोटोच पाठवते, टाइप करत नाही. पण फोनवर कुणी नंबर सांगितला आणि 'सापडत नाही' म्हणालं, तर आधी गुणाकार करून बघते. दहातल्या सात वेळा आकडा ऐकण्यात चुकलेला असतो.

हरवलंच तर काय, याबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते थोडकंच आहे. १८९८च्या टपाल कायद्याचं सहावं कलम सांगायचं की हरवणं, भलत्याला दिलं जाणं, उशीर, नुकसान यांची जबाबदारी सरकारवर नाही, सरकारनं स्पष्ट शब्दांत जेवढी पत्करली असेल तेवढी सोडून. कर्मचाऱ्यानं लबाडीनं किंवा मुद्दाम केलं असेल तर गोष्ट वेगळी. तो कायदा जाऊन २०२३चा नवा आला, १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यातही जबाबदारी नियमांत जेवढी नेमून दिली तेवढीच. खासगी कुरियरच्या पावतीमागं मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत हेच असतं. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं न पोचल्याच्या एका खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की पावतीवर सही करून शंभर डॉलरची मर्यादा मान्य केली असेल तर भरपाई तेवढीच. त्यामुळं मी पावतीची मागची बाजू वाचते. चष्मा लावून, काउंटरवर, मागच्या माणसाचा श्वास मानेवर घेत.

विमा काढायचा तर खऱ्या किमतीचाच काढता येतो, जास्तीचा नाही. मेतकुटाचा मी काढत नाही. एकदाच काढला होता. आईंनी त्यांच्या भावाला त्यांच्या वडिलांचं मनगटी घड्याळ पाठवलं होतं. फॉर्मवर 'किंमत' या रकान्यासमोर त्या दहा मिनिटं बसल्या. घड्याळ बंद होतं. शेवटी म्हणाल्या, "तूच लिही काहीतरी." मी पंधराशे लिहिलं. घड्याळ पोचलं.

२०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आईंना हे एखादं स्थळ मोडल्यासारखं लागलं. पण त्यातून एक गोष्ट चांगली निघाली, जी मी गिऱ्हाइकांना सारखी सांगते. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर द्यायचं असतं, म्हणजे घरातल्या कुणीही घेतलं तरी झालं. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून वर पाच रुपये आणि जीएसटी भरून रजिस्ट्रेशन घेता येतं. मग ते ज्याचं नाव आहे त्याला, किंवा त्यानं अधिकार दिलेल्यालाच द्यायचं. आणखी पाच रुपये आणि जीएसटी भरला की ओटीपी. आकडा सांगितल्याशिवाय पार्सल नाही.

ओटीपीनं आमच्या घरात आठवडाभर वाद झाला. बँकेनं, टीव्हीनं, नातवंडांनी आईंच्या कानीकपाळी ओरडून ठेवलंय, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आणि आता दारात उभा पोस्टमन म्हणतो, ओटीपी सांगा. आईंनी त्याला सांगितलं नाही. पार्सल परत गेलं. आणि खरं सांगू, मला त्यांचं चुकलं असं म्हणता येईना. त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर मेसेज आला होता: 'तुमचे पार्सल गोदामात आले आहे, पत्ता अपूर्ण असल्याने पोचवता येत नाही, ४८ तासांत या लिंकवर पत्ता भरा'. पत्ता अपूर्ण! साताऱ्याच्या माणसाला दुसरं काय खरं वाटणार? मी बोट लिंकवर नेलंही होतं. मग आठवलं, टपालखातं असे मेसेज पाठवत नाही, सरकारच्या फॅक्ट चेकनं ते कधीच खोटं ठरवलंय. शेवटी घरात नियम ठरला तो आईंचाच: "खोका हातात आला, नाव वाचलं, मग आकडा. आधी खोका, मग आकडा." फोनवर कधीच नाही.

२०२५च्या मेमध्ये टपालखात्यानं डिजिपिन काढलं. साऱ्या देशावर चार मीटर बाय चार मीटरची जाळी टाकलीय आणि प्रत्येक चौकटीला दहा खुणांचा कोड. त्यात ० आणि १ नाहीत, ओ आणि आय नाहीत, म्हणजे शून्याचा ओ आणि एकाचा आय होण्याचा घोळच नाही. ज्यानं हे ठरवलं त्याला पत्ते लिहिणाऱ्यांचे हात माहीत असणार. मी हौसेनं घराचा काढला. आमचा वाडा लांबट, तेव्हा पुढच्या दाराचा वेगळा आला आणि मागच्या अंगणाचा वेगळा. आईंनी विचारलं, "म्हणजे तुळशीचा निराळा आणि न्हाणीचा निराळा?" हो, म्हटलं. "मग माळ्यावरच्या भाडेकरूचा?" तो मात्र आमचाच, कारण जाळी जमिनीवर आहे, मजल्याला कोड नाही. "मग त्याचं पार्सल माझ्याकडंच येणार," म्हणून त्या आत गेल्या. अजून येतंच आहे.

दिवाळीनंतर मी आमचा पत्ता पक्का करायला घेतला. गिरणी काढून टाकली. परक्या माणसाला रस्त्यावरून दिसेल तेवढंच ठेवायचं असं ठरवलं: घर क्रमांक, 'मोबाइल कव्हरच्या दुकानाच्या डाव्या बोळात, तिसरं घर, निळा दरवाजा', शनिवार पेठ, सातारा, पिन. वर डिजिपिन. सगळ्या वेबसाइटींवर बदलला, स्टिकरं छापून आणली, दोनशे.

परवा फोन आला. नवा मुलगा, आवाजावरून वीस-एकवीसचा.

"मॅडम, निळा दरवाजा कुठंय?"

दरवाजा आईंनी पाडव्याला हिरवा करून घेतला होता. माझ्या लक्षातच नव्हतं. मी गॅलरीत आले. तो खाली बोळाच्या तोंडाशी खोका डोक्यावर धरून उभा होता, ऊन लागू नये म्हणून. मी हात केला.

"हे होय!" तो वर बघून म्हणाला. "मग जुन्या गिरणीमागं लिहायचं ना, मॅडम."